पुराव्याचा रकाना

एप्रिलचा तिसरा आठवडा.
विभागात कूलर दोन, चालू एक,
त्याचंही पाणी बाराला संपतं.
टेबलावर एकशे बारा फायली,
प्रत्येकीवर छापलंय: माझा विकास, माझी नोंद.
आत तीन रकाने.
आधी मी कसा होतो. आता मी कसा आहे.
पुरावा जोडा.

पहिले दोन मुलं भराभर भरतात,
एकमेकांचं बघून.
चाळीस जणांचा आत्मविश्वास
एकाच वाक्यात वाढलेला.
तिसऱ्यात प्रमाणपत्रं: वृक्षारोपण, योगदिन,
आणि कुठल्याशा ऑनलाइन प्रश्नमंजूषेचं,
जिथं नाव टाकलं की तुम्ही उत्तीर्ण.

समिती येणार आहे.
प्राचार्य म्हणाले, मुलांचं आत्मचिंतन दिसलं पाहिजे.
ते कसं दिसतं, मलाही ठाऊक नाही.
म्हणून एकेकाला बोलावते, विचारते,
मागच्या वर्षी केलं नसतंस
असं यंदा काय केलंस?

प्रणय नंदनवार पंख्याकडे बघतो.
काही नाही मॅडम.
मग दारापर्यंत जाऊन वळतो,
"एकदा बापाले उलटून बोललो नाही.
बोलणारच होतो. मंग पाणी पेलो."
हे लिही, मी म्हणते.
"अन् पुरावा काय जोडू? गिलास?"
आम्ही दोघंही हसतो.
तो लिहीत नाही.
संध्याकाळी फाईल उघडली तर कोपऱ्यात
शिसपेन्सिलीनं काढलेला एक ग्लास,
अर्धा रिकामा.

मोमीनपुऱ्याची निगार
सांख्यिकीची गुणपत्रिका लावते, शंभरातले तेवीस.
ही का?
"घरी लपवली नाही, मॅडम. पहिल्यांदाच."

आणि आचल उईके, देवलापारची.
तिच्या तिसऱ्या रकान्यात
स्टेपल केलेला बोटभर कोरा कागद.

"तिकीट आहे मॅडम, एसटीचं.
जुलैत एकटी आली ना मी, त्याचं.
मामा सोडून देणार होता, तो आलाच नाही.
गणेशपेठले उतरली.
होस्टेल कुठं म्हणून तिघांले विचारलं,
तिघांनी तीन रस्ते सांगितले.
चवथ्यानं मलेच विचारलं, बर्डी कुठं हाय.
मी सांगून टाकलं हात करून.
चुकीचंच सांगितलं असंन बिचाऱ्याले."

मी कागद खिडकीशी धरते.
तारीख नाही, भाडं नाही,
कुठून नाही, कुठपर्यंत नाही.
खोलीच्या खिडकीत ठेवलं होतं म्हणे,
नागपूरच्या उन्हानं अक्षरं चाटून खाल्ली.
स्टेपलची पिन तेवढी चमकते.

"उडालं सारं," ती म्हणते.
"पण मी तर आली ना?"

अकरा वर्षं मी इथं तासिकेवर.
दर एप्रिलला माझं पत्र संपतं,
दर जुलैला नवं निघतं, उशिरा.
अशी फाईल मला कोणी दिली नाही.
दिली असती तर पहिल्या रकान्यात
लिहावं लागलं असतं, की अशा वेळी
मी मुलीला मध्येच थांबवत असे:
आली नाही, आले म्हण.
आणि ती तिथंच गप्प होत असे,
पुढचं सगळं पोटात ठेवून.

आज तोंडाशी आलं होतं.
समोरचा ग्लास उचलला
आणि प्रणयची आठवण झाली.

"कोरा चालंन का, मॅडम?"
मी उत्तर द्यायच्या आत कूलर खडखडला,
कोरडा, बारा वाजले.
ती उठली, कोपऱ्यातली बादली घेतली,
नळ कुठं ते न विचारता निघाली.

मी तिच्या तिकिटाखाली लिहिलं: पाहिले.
खाली सही, आणि आजची तारीख,
बॉलपेननं, दाबून,
मागच्या पानावर उमटेल इतकी.